तांबड्या फोटोतली रेघ

ज्या वर्षी एसटीच्या पाट्यांवरचं उस्मानाबाद खोडून धाराशिव रंगवलं गेलं, त्या २०२३ सालच्या डिसेंबरातली ही गोष्ट. उसाचा हंगाम ऐन भरात होता. ढोकीच्या रस्त्यावर ट्रॉल्यांची रांग लागली होती, आणि तिच्याहून लांब रांग गावाबाहेरच्या माळावर होती. तिथं नभोनाथ महाराज मेलेल्या माणसांचे फोटो काढत होते. तेही भर दुपारी.

"डोळा माझा न्हाय, त्याचा हाय!" टॅब्लेट उंच धरून महाराज गर्जत. "सरकार मेल्याचा दाखला देतं, म्या पत्ता देतो! आधार कार्डावर फोटो वाईट आला आसल, हितं वाईट येणार न्हाय!"

मग टॅब्लेटवर काळं कापड पडे, तो आभाळाकडं रोखला जाई. कापड उचललं की उन्हाच्या जागी काळोख दिसे आणि त्यात फुलासारखा उमललेला तेजाचा ढग. कुणाचा निळा, कुणाचा पिवळा. निळा म्हणजे जीव निवला. पिवळा म्हणजे वाटेत अडकला. तांबडा म्हणजे जळतोय. शेजारच्या टपरीत तो लगेच छापून चौकटीत बसवून मिळे. बाया ती चौकट छातीशी धरून हुंदके देत.

"दिवसा चांदण्या दावतंय की बेणं," एक म्हातारा पुटपुटला. पण टोपी काढून, हात जोडूनच.

त्या गर्दीत वनमालाबाई नवऱ्याचा हात धरून उभ्या होत्या. बाई धाराशिवच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या, दत्तोपंत कोर्टातून. निवृत्तीनंतर दोघांनी गच्चीवर पत्र्याची सरकत्या छपराची खोली बांधली, तीत दुर्बीण बसवली आणि आभाळाचे फोटो काढायला सुरुवात केली. शेजारीपाजारी तिला कबुतरखाना म्हणत. पण मधुमेहानं दत्तोपंतांची नजर हळूहळू नेली. मागच्या हिवाळ्यात त्यांनी मृगाजवळच्या एका तेजोमेघाचा फोटो घेतला; पाच-पाच मिनिटांच्या शंभरावर फोटोंची चळत रचून बनवलेला. एकेक फोटो त्यांनी पडद्याला नाक लावून तपासला होता. आपल्याला आता यापुढं जमायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

"स्वच्छ आलाय ना गं?" त्यांनी विचारलं होतं.

"आलाय," बाई म्हणाल्या होत्या.

रंग बाईंनीच भरले. तो फोटो त्यांनी निवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर टाकला आणि तिथून तो कुठं कुठं गेला, कुणास ठाऊक.

दोन दिवसांपूर्वी त्यांची जुनी विद्यार्थिनी राजेश्वरी चार वर्षांच्या निकिताला घेऊन दारात आली. तिचा नवरा रणधीर महिन्यापूर्वी मोटारसायकलवरून येताना उभ्या ट्रॉलीला मागून धडकून वारला होता.

"बाई, महाराजांनी त्यांचा फोटो काढला. तांबडा आला."

"म्हणजे काय?"

"म्हंजे मी बोलावलं म्हणून ते जळायलेत. मीच फोन केला होता ना, निकीला ताप आहे, लवकर या म्हणून. आत्त्या, ह्यांच्या आई, म्हणतात, अमावस्येला तू सोनारीला माहेरी जा. निकी इथंच राहील. महाराजांनीच सांगितलंय, पोरीवर माझी सावली नको म्हणून." ती पोरीच्या केसांतून हात फिरवत राहिली. "आन् खरंच बाई, मी फोन केला नसता तर?"

तिनं मोबाईलवरचा फोटो दाखवला. तो त्यांचाच फोटो होता. डाव्या पाकळीवर केसासारखी बारीक तिरकी रेघ होती. चळतीतल्या एका फोटोत मध्येच एक उपग्रह आडवा गेला होता, त्याची ही रेघ. दत्तोपंतांना तो दिसला नव्हता. बाईंना दिसला होता. पण तो काढून टाकायचा म्हणजे नवऱ्याला सांगायचं होतं, की तुमचे डोळे संपले. त्या बोलल्याच नव्हत्या.

म्हणून आज त्या माळावर आल्या होत्या. "मीही येतो," दत्तोपंत म्हणाले होते. "आपला फोटो आहे." नाही कसं म्हणायचं?

बाई रांगेत पुढं झाल्या.

"महाराज, माझ्या सासूबाईंचा काढा की."

"कधी गेल्या, माय?"

"एकोणनव्वद साली."

"लई जुना जीव. पण सापडंल!"

"थांबा, मागची काच धुळीनं भरलीय. पुसून देते." बाईंनी पदरानं काच पुसली आणि त्याच हातानं कपाळावरची रुपयाएवढी टिकली तिच्यावर चिकटवली. महाराजांची नजर गर्दीवर होती. कापड पडलं, कळ दाबली, कापड उठलं. निळा ढग!

"निवल्या सासूबाई!" महाराज म्हणाले. गर्दीनं उसासा टाकला.

"आता मागून बघा," बाई म्हणाल्या. "कॅमेऱ्यावर माझी टिकली आहे. आंधळ्या कॅमेऱ्यानं फोटो काढला कसा?" आंधळ्या हा शब्द तोंडून गेला आणि त्यांनी जीभ चावली. दत्तोपंत शेजारीच उभे होते.

महाराज अडखळले, पण क्षणभरच. "आत्म्याला टिकली आडवती व्हय? त्यो आरपार येतो, आरपार!"

"व्हय, व्हय," गर्दीतून आवाज आले. कस्तुराबाई, रणधीरची आई, चौकट छातीशी धरून पुढं आली. "मास्तरीणबाई, कशाला आडव्या येताय? माझं लेकरू हाय ह्यात."

आता एकच पुरावा उरला होता. बाईंनी राजेश्वरीकडं पाहिलं. तिनं निकिताला कडेवर घट्ट धरलं होतं. मग नवऱ्याकडं पाहिलं. ते शांतपणे, कौतुकानं, आपल्या फोटोबद्दल बाई काय बोलतात ते ऐकायला थांबले होते.

"हा फोटो आम्ही दोघांनी काढलाय," बाई म्हणाल्या. "त्याच्या एका पाकळीवर बारीक रेघ आहे. प्रत्येकानं आपापली चौकट उन्हात धरून बघा. कुणाची उलटी छापली असेल, कुणाची आडवी. रेघ शोधा."

चौकटी उन्हात कलल्या.

"माझ्यात हाय," कुणीतरी म्हणालं.

"माझ्यात बी."

धुळाप्पा मेंढक्याच्या हातात बायकोचा पिवळा फोटो होता. त्यानं तो कस्तुराबाईच्या तांबड्या फोटोशेजारी धरला, फिरवला, पुन्हा धरला. "म्हंजे," तो सावकाश म्हणाला, "माझी लक्ष्मम्मा आन् तुमचा रणधीर येकच?"

त्यानं अंगठ्यानं पिवळ्या फोटोतली रेघ पुसून पाहिली.

"रेघ?" दत्तोपंत म्हणाले. "कुठली रेघ, वनमाला?"

तोवर रणधीरच्या धाकट्या भावानं, अमरसिंहनं, टॅब्लेट हिसकला होता. "आवं, तीनच फोटो हायती ह्यात! तांबडा, निळा, पिवळा. कापडाखाली बोट फिरवतंय आन् पायजे त्यो काढतंय!"

"या ढगाचा उजेड मुळात तांबूस असतो, पण डोळ्याला राखाडी धुक्यासारखा दिसतो," बाई म्हणाल्या. "एवढा लालभडक तो मी केला. कॉम्प्युटरवर. कुंकवासारखा दिसावा म्हणून. या माणसानं तोच निळा आणि पिवळा केला. आणि तो उजेड तिथून निघाला पाच हजार वर्षांपूर्वी. रणधीर गेला महिन्यापूर्वी. तो त्यात असेल कसा?"

कस्तुराबाईनं चौकट खाली केली. तिचा आवाज अगदी बारीक झाला.

"मग माझा रणधीर कुठंय?"

बाईंनी तिच्या चौकटीवर हात ठेवला.

"ठाऊक नाही, कस्तुराबाई. कुणालाच नाही. तो का गेला, तेवढं मात्र सांगता येतं. रस्त्यात उभ्या ट्रॉलीला मागं दिवा नव्हता, लाल पट्टी नव्हती. तांबडा रंग हवा होता तो तिथं. पोरीला ताप आला म्हणून आईनं बापाला बोलावलं, यात राजेश्वरीचा काय गुन्हा? तुम्ही बोलावलं नसतं?"

कस्तुराबाई खाली बसली. तिनं हात वर केला, तो निकिताकडं. राजेश्वरी पोरीला घेऊन तिच्याशेजारी बसली. अमावस्येला माहेरी धाडायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

परतीच्या एसटीत दत्तोपंत खिडकीकडं तोंड करून बसले होते. बाहेर कुठलाही रस्ता असो, त्यांच्या अधू नजरेला तो आता सारखाच होता.

"तुला तेव्हाच दिसली होती?"

"हो."

"कुठून कुठं?"

बाईंनी त्यांचा तळवा उघडला आणि बोटानं तिरकी रेघ ओढली. त्यांनी मूठ मिटली.

"सांगायचं होतंस गं," एवढंच ते म्हणाले.

नभोनाथावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. जामिनावर सुटला, आणि आता दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात, दुसऱ्या नावानं, पाण्यात बघून आजार सांगतो म्हणतात. धुळाप्पानं चौकटीतला पिवळा कागद काढला आणि शिधापत्रिकेवरचा लक्ष्मम्माचा फोटो मोठा करून तिथं बसवला. त्यात ती वैतागलेली दिसते, तशीच ती होती, असं तो सांगतो. अमरसिंह दर हंगामात ढोकीच्या रस्त्यावर ट्रॉल्या थांबवतो आणि मागच्या फळीवर चमकणारी लाल पट्टी चिकटवतो. ड्रायव्हर कुरकुरतात. तो ऐकत नाही.

दत्तोपंतांची नजर पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण गेली. ते अजून गच्चीवर जाऊन छप्पर हातानं चाचपत सरकवतात. पण फोटो स्वच्छ आला का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. वनमालाबाई आता प्रत्येक फोटोखाली लिहितात, किती रात्री लागल्या, रंग कुणी भरला, दोष कुठं राहिला. शाळाशाळांतून त्या मुलांना एवढंच सांगतात: कुणी आभाळातलं, पाण्यातलं, राखेतलं काही दाखवलं तर हात जोडण्याआधी विचारा, हे कधी टिपलं, कशानं टिपलं, आणि झाकून का दाखवताय? दुःखात असाल तेव्हा तर दोनदा विचारा, कारण असली माणसं नेमकी तेव्हाच येतात.

कस्तुराबाईनं तांबडा फोटो टाकला नाही. ट्रंकेत तळाशी ठेवला आहे. सुनेला तिनं पुन्हा बोल लावला नाही. राजेश्वरी अंगणवाडीत नोकरीला लागली, निकिता शाळेत जाते. पण कुणी बाहेर गेलं, यायला कितीही उशीर झाला, तरी राजेश्वरी फोन करत नाही. दारात उभी राहते, वाट बघत.