घंटा खाली आली

दर बुधवारी संध्याकाळी पाच वाजता क्लबची सभा भरायची, आणि पाच म्हणजे पाच. वरच्या मजल्यावर हॉल, हॉलमध्ये लांब टेबल, टेबलाच्या टोकाला अध्यक्ष आणि अध्यक्षांपुढे मुठीएवढी पितळी घंटा. घंटेचा नियम साधा होता. ज्याच्या हातात घंटा त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हातात घंटा नसताना जो तोंड उघडेल, त्याने पुढच्या बुधवारी सगळ्यांसाठी बिस्किटं आणायची. आजवर सगळ्यात जास्त बिस्किटं कोणी आणली असतील तर ती एकवीस वर्षं सभासद असलेल्या सायकलकाकूंनी. मंगळवारी त्या दिसल्या की कोपऱ्यावरचा दुकानदार न विचारताच पुडे काढून ठेवायचा.

सायकलकाकू म्हणजे वडिलांच्या मागे सायकल दुरुस्तीचं दुकान एकटीने ओढलेली बाई. साठी उलटल्यावर दुकान भाचीकडे सोपवलं, पण पिशवीतला पाना काही सुटला नाही. क्लबमध्ये त्यांच्याकडे जिन्याखालच्या खोलीची किल्ली होती. कोणाचं हाड मोडलं, कोणाचे पाय गेले, की घरची माणसं त्या खोलीवर यायची. चाकांची खुर्ची पाहिजे असे. काकू वाकड्या चाकाचा आऊट काढायच्या, बेअरिंगला ग्रीस भरायच्या, ब्रेक दहा वेळा ओढून बघायच्या, मगच खुर्ची हातात द्यायच्या. अशा अकरा खुर्च्या होत्या. ज्या बुधवारी ही गोष्ट सुरू झाली त्या दिवशी अकराच्या अकरा बाहेर होत्या आणि खोलीत एक स्टूल आणि ग्रीसचा डबा एवढंच उरलं होतं.

ही खोली सुरू केली ती एका कंपाउंडरने. तो कधीच गेला, पण त्याने घालून दिलेले दोन नियम खोलीच्या वहीत पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात होते. पहिला, दिलेली वस्तू परत मागायची नाही, गरज संपली की ती आपोआप येते. दुसरा, क्लबची वस्तू ज्याच्या घरी आहे तो माणूस तोवर क्लबचा सभासद, मतासकट. कंपाउंडर म्हणायचा, दान म्हटलं की माणूस मान खाली घालतो, आपल्याच क्लबची वस्तू म्हटली की हक्काने वापरतो. पहिला नियम सगळ्यांना पाठ होता. दुसरा कोणी वाचला होता देव जाणे.

आता अध्यक्ष. हे फरशीवाले, बाजारात त्यांचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते. पण त्यांना कामापेक्षा कामाचा फोटो प्यारा. क्लबला पंचवीस वर्षं होणार होती, मोठा समारंभ ठरला होता, बडे पाहुणे येणार होते. पाहुण्यांना दाखवायचं काय, म्हणून अध्यक्ष खालच्या खोलीत डोकावले आणि रिकाम्या भिंती बघून हबकले. पंचवीस वर्षांचं काम म्हणायचं आणि खोलीत स्टूल!

त्यावर त्यांनी शोधलेला उपाय बुधवारच्या सभेत ऐकवला. सगळ्या खुर्च्या गोळा करायच्या, एका रंगात रंगवायच्या, पाठीवर क्लबचं चिन्ह लावायचं आणि स्टेजवर पाहुण्यांच्या हस्ते वाटायच्या. त्याच माणसांना? हो, त्याच माणसांना. तीन आठवड्यांचा तर प्रश्न आहे, रंगाऱ्याने तेवढेच मागितलेत. टेबलाभोवतीच्या लोकांनी माना डोलावल्या. कोणाला वाईटपणा नको होता.

काकूंच्या हातात घंटा नव्हती. तरीही त्या म्हणाल्या, "तीन आठवडे ती माणसं बसतील कशावर? तुमच्या फरशीवर?"

चिटणीसांनी खाली मान घालून वहीत लिहिलं, बिस्किटं, सायकलकाकू. चिटणीस म्हणजे निवृत्त हेडक्लार्क, अक्षर मोत्यासारखं आणि काळीज चिमणीचं. अध्यक्ष गोड हसले. काकू, भावनेच्या भरात नका बोलू, म्हणाले. नोटिसा निघतील, आणि खोली तुमच्याकडे आहे तेव्हा त्या घरोघर तुम्हीच वाटाल. जमत नसेल तर किल्ली ठेवा, दुसरं कोणी बघेल. एवढं बोलून त्यांनी घंटा वाजवली आणि चहा आला. काकूंनी त्या दिवशी चहा घेतला नाही. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

त्यांच्या डोळ्यांपुढे नऊ नंबर होती. नऊ नंबरची खुर्ची गणिताच्या बाईंकडे. अपघातात बाईंचे दोन्ही पाय निकामी झाले, चार महिने त्या छताकडे बघत पडून होत्या. खुर्ची मिळाली आणि आठ महिन्यांपूर्वी बाई परत शाळेत उभ्या राहिल्या, म्हणजे बसल्या म्हणा. शाळेने वर्ग दिला तोही कुरकुरत. मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं होतं, परीक्षेपर्यंत एक दिवस जरी खाडा झाला तरी वर्ग दुसऱ्याला देऊ. नऊ नंबर उजवीकडे ओढायची. चाक उतरवून नीट करायला काकूंना दोन तास पुरले असते, पण बाई तेवढ्या वेळही खुर्ची सोडायला तयार नव्हत्या. सकाळी शाळा, दुपारी शाळा, संध्याकाळी वह्या. म्हणायच्या, ओढू दे काकू, मी डावीकडे जोर देते. ज्यांना ती दोन तास सोडवत नाही त्यांना हे तीन आठवडे सोडायला सांगणार होते, आणि ते कशासाठी, तर फोटोसाठी. काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला होता.

दुसऱ्या दिवशी चिटणीसांनी नोटिसांचा गठ्ठा दिला. चिटणीसांची एक खोड होती, नवा कागद लिहायचा म्हटला की त्यांना घाम फुटायचा. म्हणून त्यांनी जुना छापील नमुनाच काढला होता. सभासद घरच्या कार्याला क्लबची टेबलं, सतरंज्या न्यायचे आणि विसरायचे, त्यांना पाठवायचा तो नमुना. फक्त वस्तूचं नाव भरलं होतं आणि खाली अध्यक्षांची झोकदार सही. काकूंनी दुकानाच्या पायरीवर बसून एक नोटीस वाचली. मग परत वाचली. मग त्या एकट्याच इतक्या हसल्या की भाची पंक्चर सोडून बाहेर आली.

नोटिशीत होतं, सदर वस्तू येत्या बुधवारी सायंकाळी पाच वाजता साप्ताहिक सभेत स्वतः उपस्थित राहून जमा करावी.

काकूंनी अकराही घरं केली. कोणाला भडकवलं नाही, कोणाची समजूत काढली नाही. नोटीस हातात द्यायची, कंपाउंडरचं पान दाखवायचं आणि एवढंच सांगायचं की लिहिलंय तसं करा, एक अक्षर कमी नको, एक जास्त नको. दोन नंबरवाला म्हातारा सुतार नोटीस वाचून म्हणाला, पण सभा तर वर भरते ना? एकवीस वर्षं काकू स्वतः दर बुधवारी तो जिना चढत होत्या. खुर्च्या देणारा क्लब, आणि खुर्चीतलं माणूस कधी वर येऊच शकणार नाही, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोकांना कशाला नावं ठेवायची, आपणही त्यातलेच. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि त्या लाजेने राग दुप्पट झाला.

गणिताच्या बाई घाबरल्या होत्या. "काकू, तिथे जाऊन खरंच काढून घेतली तर? मी घरी कशी येऊ?"

"न्यायची तर माझ्या अंगावरून न्यावी लागेल," काकू म्हणाल्या. "बाई, मी शब्द दिलाय तुम्हाला. गरज संपेपर्यंत म्हटलं होतं, पाहुणे येईपर्यंत नाही."

बुधवारी पाचला पाच कमी असताना जिन्याच्या तोंडाशी अकरापैकी दहा खुर्च्या उभ्या होत्या. अकराव्या खुर्चीतल्या आजींना ताप होता, त्यांनी सुनेबरोबर नोटीस पाठवली होती. कोणाला मुलीने ढकलत आणलं होतं, कोणी स्वतःच्या हातांनी चाकं ढकलत आलं होतं. वर टेबलाभोवती नऊ सभासद बसले होते, काकू धरून. अध्यक्षांनी घंटा वाजवली, मागच्या आठवड्याचं वाचून झालं, मग विषय आला खुर्च्या जमा करण्याचा. जमा झाल्या का, अध्यक्षांनी विचारलं. काकूंनी हात पुढे केला. नियमच तो, उत्तर द्यायचं तर घंटा पाहिजे. अध्यक्षांनी घंटा सरकवली.

काकू घंटा घेऊन उठल्या. "मला बोलायचंय. पण ते खाली बोलायचंय," म्हणाल्या आणि दाराकडे चालू लागल्या.

सगळे एकमेकांची तोंडं बघत राहिले. अडवायचं तरी कसं? घंटा काकूंच्या हातात, आणि घंटेविना तोंड उघडायची सोय नाही. काकू जिना उतरत होत्या आणि पायरीपायरीला घंटा किणकिणत होती. शेवटी अध्यक्षांना राहवलं नाही. "अहो, सभा चालू आहे!" ते ओरडले. चिटणीसांनी सवयीने लेखणी उचलली आणि लिहिलं, बिस्किटं, अध्यक्ष. लिहिल्यावर त्यांना स्वतःलाच दरदरून घाम फुटला. मग त्यांनी वही मिटली, काखेत मारली आणि काकूंच्या मागे निघाले. सभेची नोंद ठेवणं हे त्यांचं काम होतं आणि सभा तर खाली चालली होती. वही गेली म्हटल्यावर बाकीचेही उठले. अध्यक्ष सगळ्यात शेवटी उतरले.

खाली बसायला जागा नव्हती. ज्यांना बसायचं ते आपापल्या खुर्च्या घेऊन आले होते, उरलेल्यांना भिंतीला टेकून उभं राहणं आलं. काकूंनी घंटा वाजवली. फार बोलल्या नाहीत. नोटिशीप्रमाणे माणसं स्वतः हजर आहेत, वस्तू हजर आहेत, म्हणाल्या. मग कंपाउंडरचं पान चिटणीसांच्या हातात देऊन दोन्ही नियम मोठ्याने वाचायला लावले. चिटणीसांचा आवाज आधी कापत होता. मतासकट हा शब्द मात्र त्यांनी खणखणीत वाचला.

मग घंटा गणिताच्या बाईंच्या मांडीवर गेली.

बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी पावणेआठला माझा वर्ग आहे. चाळीस मुलं आहेत. खुर्ची जमा करायला सांगितलीत, मी आणली. आता मला उचलून कुठे ठेवायचं तेवढं सांगा. मी तिथे थांबते."

बाईंनी घंटा अध्यक्षांपुढे धरली. अध्यक्षांनी ती घेतली, एकदा खुर्च्यांकडे बघितलं, आणि पहिल्यांदाच त्यांना फोटोत माणसं दिसली असावीत. पाहुण्यांना काय सांगू, एवढंच ते पुटपुटले. म्हातारा सुतार म्हणाला, सांगा की खोली रिकामी आहे, कारण सगळं कामावर गेलंय. म्हणून झाल्यावर त्याने जीभ चावली, कारण घंटा त्याच्याकडे नव्हती. चिटणीसांनी त्याच्या नावावर बिस्किटं लिहिली. म्हाताऱ्याला त्याचा इतका आनंद झाला की विचारू नका. बिस्किटांचा दंड सभासदालाच होतो ना!

मतं मोजली ती बाईंनी, गणिताच्याच त्या. एक ठराव होता, एकही खुर्ची परत मागायची नाही आणि यापुढे बुधवारची सभा खाली भरेल. हात वर झाले चौदा. दहा खुर्च्यांचे, काकूंचा, चिटणीसांचा, आणि भिंतीला टेकलेल्यांपैकी दोघांचे. चौघे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले, म्हणजे उभे राहिले. विरोधात एकटे अध्यक्ष. हजेरीच्या रकान्यात चिटणीसांनी एकोणीस लिहिलं आणि आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले.

काकूंनी पिशवीतून खोलीची किल्ली काढून अध्यक्षांपुढे धरली. पाहिजे तर घ्या, म्हणाल्या, आत स्टूल आहे, ते रंगवा. अध्यक्षांनी किल्ली घेतली नाही.

पांगापांग झाली. दारात एक उंबरा होता आणि त्यापुढे फुटपाथची पायरी. बाईंची खुर्ची तिथे अडली. जवळ उभे होते अध्यक्षच. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, कोणी पुढे येत नाही म्हटल्यावर बाह्या सरसावल्या, खुर्चीच्या मुठी धरल्या आणि ती उचलून रस्त्यावर काढली. मग सोडायची कशी ते न कळून तशीच ढकलत निघाले. दहा पावलांत खुर्ची उजवीकडच्या भिंतीला लागायला गेली. त्यांनी सावरली, ती परत गेली.

"काकू," त्यांनी मागे वळून हाक मारली, "ही उजवीकडे ओढतेय."

काकू खोलीला कुलूप लावत होत्या.

"आठ महिने ओढतेय ती," त्या म्हणाल्या. "तुम्ही आज ढकललीत."