शिखरावरचं पाणी

पेंटरबाईने मोजणीसाहेबांचं नाव पुरं केलं, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि फलकाकडे नाक मुरडून पाहिलं. राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी लावलेला हा शिखराच्या इतिहासाचा फलक. शिखराची उंची, ती पहिल्यांदा मोजली ते वर्ष, मोजणाऱ्या साहेबांचं नाव, सगळं कसं ठसठशीत उतरलं होतं. तिच्या आईच्या नावाचा तेवढा पत्ता नव्हता.

आई मागे नळाजवळच्या बाकावर पाय पसरून बसली होती. वय चौऱ्याऐंशी, कान अजून तिखट. मोजणी झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. शिखरावर पाणी उकळायचं, ते किती तापल्यावर उकळतं ते पाहायचं आणि त्यावरून उंची काढायची, अशी ती रीत. वर पाण्याचा थेंब नाही, म्हणून हंडा तिच्या डोक्यावर. तो साहेबांच्या माणसांनी वाटेतच पिऊन रिता केला. तिने सगळ्यांची खरडपट्टी काढली, खाली उतरली आणि त्याच दिवशी दुसरा हंडा घेऊन पुन्हा वर गेली. घरात ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ होती.

आईचं नाव फलकावर घाला म्हणून पेंटरबाईने तीन आठवडे वनाधिकाऱ्यांचं डोकं खाल्लं होतं. पुरावा आणा, एवढंच ते म्हणत. आता मात्र ते स्वतःच फलकापाशी आले. मोजणीच्या जुन्या वहीत त्यांना एक वाक्य सापडलं होतं: 'पाणी संपले, मुलगी परत खाली गेली.'

"तळाशी एक ओळ उरलीय," ते म्हणाले. "नाव कसं लिहायचं ते आईंनाच विचारा."

पेंटरबाई लगबगीने बाकाकडे गेली. तिने आईला धरून फलकापाशी आणलं. आईने तो वरपासून खालपर्यंत सावकाश वाचला.

"वर पाणी नाही, हे कुठे लिहिलंय?"

"अगं, इतिहासाचा फलक आहे हा."

"असू दे. लोक अजून कोरड्या घशाने उतरतात. ते लिही. नावाचं काय घेऊन बसलीस?"

पेंटरबाईने वाद घातला, थोडा वेळ फुगून बसली आणि शेवटी ब्रश उचलला. 'वर पाणी नाही. इथूनच भरून घ्या.'

रंग ओला होता तोवरच चढाईला निघालेले तिघे फलकापुढे थांबले. वरच्या ओळी त्यांनी भरभर उरकल्या, शेवटची वाचली आणि नळाकडे वळले. आई बाकावर परत येऊन बसली होती. तिने पाय आवरून त्यांना वाट दिली.

"काठोकाठ भरा," ती म्हणाली. "आणि वाटेत संपवू नका."