नागपूर पाहिलेली पेटी

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर आमच्या कऱ्हाटी गावात आजवर कोणाचाच विश्वास बसलेला नाही. तुमचाही बसणार नाही. तो नाही बसला तरी तुम्ही बसा. माझ्या झाकणावर तिघांची जागा आहे. मी एक जुनी पत्र्याची पेटी आहे. अंगावरचा हिरवा रंग उडाला आहे, एक कडी तिरकी लागते आणि किल्ली सुतळीला बांधलेली आहे. पण मी साधीसुधी पेटी नव्हे. माझा जन्म राजधानीतला. नागपूरचा!

आम्हा वस्तूंचं बोलणं मुलांना आणि म्हाताऱ्यांना ऐकू येतं. मधल्या वयाच्या माणसांना नुसत्या बिजागऱ्या कुरकुरल्यासारख्या वाटतात. म्हणून तुम्हालाच ओसरीवर बोलावलं. माझा जीव टांगणीला लागला आहे.

आमची करुणा उद्या सकाळी नागपूरला निघणार आहे. तिला जनावरांच्या डॉक्टरकीला प्रवेश मिळाला आहे. इतकं शिकायला घराबाहेर पडणारी ह्या घरातली ती पहिलीच मुलगी. तिचे वडील बुद्धभूषण माळेगावच्या कारखान्यात फिटर आहेत. सकाळी ते माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "ही पेटी न्यायची न्हाय. हॉस्टेलच्या पोरी हसतील. राजमहंमदमामू त्यांच्या बारामतीच्या पेट्यांच्या दुकानातनं चाकाची सुटकेस घेऊन येणार हायेत."

"मग हिचं काय करायचं, पप्पा?"

"कोंबड्या ठिवू हिच्यात. चार भोकं पाडली की झालं खुराडं."

खुराडं! ऐकलंत? जिच्यावर राजे टेकले, तिच्यात कोंबड्या बसणार! तेव्हा मामू यायच्या आत करुणाला पटवायला हवं, की नागपूरला जाताना नागपूरचं माहीतगार माणूस, म्हणजे पेटी, सोबत असावी. ती पाहा, खांबाला टेकून पुस्तकं बांधते आहे. तिला अजून माझं ऐकू येतं का? अठराव्या वर्षी काही सांगता येत नाही.

तर नागपूर. गोंड राजा बख्त बुलंद यानं तीनशे वर्षांमागं बारा वाड्या एकत्र करून हे शहर वसवायला घेतलं. बारा वाड्यांची चोवीस मतं. राजा वैतागून मटकन माझ्यावर बसला. तेव्हा पत्र्याची पेटी कुठून आली, असं विचारू नका. राजानंही विचारलं नाही. त्याच्या वजनानं मी अशी काही किंचाळले, की बाराही वाड्या गप्प झाल्या. तेवढ्या शांततेत त्यानं शहर उरकून घेतलं.

पुढं भोसले आले, मग इंग्रज आले. एक साहेब देशाचा मध्य शोधत जमीन मोजायच्या साखळ्या ओढत हिंडत होता. मी सीताबर्डीच्या टेकडीखाली सावलीला विसावले होते. साखळी नेमकी माझ्या कुलपापाशी येऊन संपली. साहेब टोपी काढून म्हणाला, "बाई, जरा सरकता का?" मी सरकले. तिथं त्यानं दगड रोवला. त्याला शून्य मैलाचा दगड म्हणतात. खरं तर मी त्या दिवशी जिद्दीला पेटले असते, तर लोक आज सगळी अंतरं पेटीपासून मोजत बसले असते.

ऊन विचाराल, तर मे महिन्यात माझ्या झाकणावर भाकरी टाकली की पहिली बाजू भाजेपर्यंत हातातली दुसरी भाकरी आपोआप शेकून निघे. पण माणूस थंड. आपण "येतो" म्हणतो, नागपूरकर "येऊन राहिलो" म्हणतो, आणि वाटेत दोन ओळखीच्या घरी चहा पिऊन मग येतो.

आणि मित्रांनो, त्या शहराचा खरा स्वभाव मी सांगते. कितीतरी वर्षं ते मध्य प्रांताचं मुख्य ठाणं होतं. छप्पन साली राज्यांची नवी वाटणी झाली आणि सकाळी उठून पाहतात तर राजधानी निघून गेलेली! दुसऱ्या एखाद्या शहरानं ऊर बडवला असता. नागपूरनं दोन संत्री सोलली आणि म्हटलं, "जाऊन राहिली तर जाऊ द्या." महाराष्ट्र झाल्यावर ठरलं, की हिवाळ्यात सरकारनं तिथं येऊन कारभार करायचा. तेव्हापासून थंडी पडली की मुंबईचं सरकार फायली बांधून येतं, पाहुणचार घेतं आणि जातं. नागपूर ना ते येताना हुरळत, ना ते जाताना रडत. मोठेपण गेलं तरी माणसानं (आणि पेटीनं) कसं राहावं, ते मी तिथं शिकले.

एवढ्यात राजमहंमदमामू आलेच. हातात लालभडक सुटकेस. मला पाहून त्यांनी माझ्या पाठीवर टकटक केलं आणि ते गालातल्या गालात हसले. का हसले, देव जाणे.

"भूषणराव, पत्रा अजून खणखणीत हाय की हो. हिला कोंबड्यात घालणार?"

"मामू, तुमी सुटकेस विकाय आलाय का पेटीची वकिली कराय?" बुद्धभूषण म्हणाले.

करुणानं तुम्हाला उठवून माझं झाकण उघडलं. आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात लिहिलेलं आहे: 'नागपूर, १४-१०-१९५६'. तिनं त्यावरून बोट फिरवलं. "पप्पा, ही आजोबांसंगं तितं गेलेली पेटी हाय. मी हिलाच नेणार."

मित्रांनो, हातात आलेला डाव सोडू नये. मी आवाज हळू केला. धम्मदीक्षेच्या त्या दिवसाची गंमत मी करत नाही. करुणाचे आजोबा कचरूतात्या आणि आजी ताईबाई दौंडहून रेल्वेनं निघाले. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. मी त्यांच्या पायांखाली होते आणि माझ्या पोटात ताईबाईंचं घडी न मोडलेलं पांढरं लुगडं होतं. मैदानावर लाखो माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी राहिली. ताईबाईंनी मला उघडलं, लुगडं काढलं आणि...

"आगं ए खोटारडे!"

आतल्या घरात ताईबाई मटकी निवडत होत्या. सूप तसंच हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

"आई, कुणाला बोलतीस?" बुद्धभूषण म्हणाले.

"ह्या पेटीला! ही कुठनं आली नागपूरला? त्र्याहत्तर साली बारामतीत ठोकलीया हिला. ठोकणारा ह्यो काय म्होरं उभा हाय. सांग की रं राजमहंमद!"

मामूंनी सुटकेस खाली ठेवली. "व्हय. माज्याच हातची हाय. तारीख बी मीच रंगवली. कचरूतात्यांचा हुकूमच हुता, घरात नवं काय बी आलं की ही तारीख घालायची. तुमच्या हंड्यावर बघा, परातीवर बघा. काल आणलेल्या भिंतीवरच्या घड्याळावर सुदिक असंल."

करुणानं बोट मागं घेतलं. माझी कडी लुळी पडली. आता खुराडंच.

"मग आजी, तुमी लुगडं कशात नेलं?" करुणानं विचारलं. म्हणजे लुगड्याचं माझं बोलणं तिला ऐकू आलं होतं!

"नेलं कशात?" ताईबाईंनी सूप खाली ठेवलं. "पांढरं लुगडं एकच. ते अंगावर. भाकरी फडक्यात. दुसरं काय हुतं आमच्याकडं, पेटीत घालाय?"

ताईबाई त्या बांधलेल्या पुस्तकांपाशी गेल्या. वरचं जाड पुस्तक त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि माझ्या तळाशी ठेवलं.

"ही लबाड हाय, करुणे. पर ने हिला. तुझ्याकडं भराय लई हाय."