दाराखालची रेघ

हातातून निसटलेली कुपी शोधायला लिओना अंधाऱ्या खोलीत ओणवी झाली आणि तिला दाराखाली उजेडाची बारीक रेघ दिसली. बाहेरच्या व्हरांड्यातले दिवे रोज सकाळी सातला आपोआप लागत. आत्ताच सात वाजले होते.



खोलीतल्या फळमाश्यांचं एक जनुक मोडलेलं होतं. शरीरातलं घड्याळ बंद. सततच्या अंधारात त्यांनी केव्हाही जागावं, केव्हाही झोपावं. तरी प्रयोगशाळेतला तरुण संशोधक वेंडेल याच्या या माश्या रोज सकाळी सातला एकदम जाग्या होत. त्यांच्या इतर जनुकांचं कामही सकाळी वाढे, संध्याकाळी ओसरे. आत दुसरं घड्याळ आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. चार वर्षांचं काम. त्यावरच त्याला ओहायोत नोकरी मिळाली होती आणि बायकोला सातवा महिना होता.

लिओनाने फटीला काळं रबर चिकटवलं. दहा दिवसांत माश्यांचा ताळमेळ सुटला. कुणी पहाटे फिरे, कुणी भरदुपारी.

आलेख घेऊन ती प्रोफेसर हार्लन क्रू यांच्याकडे गेली. सव्वीस वर्षं ती त्यांची प्रयोगशाळा सांभाळत होती.

"हार्लन, दुसरं घड्याळबिड्याळ काही नाही. दाराखालून उजेड येतोय."

त्यांनी आलेख पाहिला आणि टेबलावर पालथा घातला.

"शोधनिबंध छपाईला गेलाय, लिओना."

"मग परत मागव."

"आणि वेंडेलचं काय? त्याला सांगशील तू?"

तिने आलेख पुन्हा सुलटा केला.

"कुप्यांची अदलाबदल झाली असेल," ते खिडकीकडे बघत म्हणाले. "तुझ्या हातून. या वयात होतं."

"माझ्या हातून आजवर एक कुपी बदललेली नाही."

"माहीत आहे मला."

नोंदवहीत तिने आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं : कुप्या बदलल्या गेल्या. चूक माझी. सोमवारी दाराचं रबर कुणीतरी काढलेलं होतं. माश्या पुन्हा सातला जाग्या होऊ लागल्या.

शुक्रवारी वेंडेल डोनटचं खोकं घेऊन आला.

"मनाला लावून घेऊ नका, लिओना. चुका सगळ्यांकडून होतात. मी बाहेर कुणाला बोललो नाहीये."

"बायको कशी आहे?"

"मजेत. मुलगी होणार म्हणतात. घ्या ना, तुमच्यासाठीच आणलेत."

तिने एक डोनट उचलला आणि तो समोर उभा असेपर्यंत सगळा खाल्ला.