मेणाचे पाच हात

मित्रांनो, तुम्ही मला रस्त्यावर कधी पाहिलेले नाही आणि पुढेही पाहणार नाही. मी एक जुना साचा आहे. विटांचा नव्हे, मेणबत्त्यांचाही नव्हे. दोन दारांच्या, टर्बो एंजिनाच्या, आता म्हाताऱ्या झालेल्या एका गाडीच्या नाकाखाली जी पट्टी बसते, तिचा मी साचा. त्या पट्टीला धंद्यात ‘लिप’ म्हणतात. गाडी वेगात निघाली की समोरची हवा तिच्या पोटाखाली शिरते आणि नाक वर उचलू पाहते. लिप त्या हवेला दारातच अडवतो. नकोशा पाहुण्याला उंबऱ्यावरूनच वाटेला लावणारी माणसे तुम्ही पाहिली असतील. लिपचे काम तेच.

लिप जिथे फुगीर, तिथे मी खोल. लिप जिथे आत गेलेला, तिथे मी बाहेर आलेलो. दुसऱ्याच्या उलटे असण्यातच माझा जन्म गेला म्हणा ना!

मला घडवले ते फायबरच्या कामाच्या एका मिस्त्रीने. त्याने एका गिऱ्हाइकाच्या गाडीचा अस्सल लिप चार दिवसांच्या बोलीवर मागून आणला आणि तो इतके दिवस ठेवून घेतला, की गिऱ्हाईक शेवटी विचारायचेच सोडून बसले. त्याने त्याचे ओरखडे पुट्टीने भरले. तो काचेसारखा घासला. मग त्यावर जाड रंगासारखा जेलकोट, त्यावर काचेच्या धाग्यांची चटई, त्यावर चिकट रेझिन, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. सगळे सुकून टणक झाल्यावर मला लिपपासून अलगद सोडवले, तेव्हा मिस्त्री माझ्या कडेवरून बोट फिरवत म्हणाला, “जमलं बुवा!” एवढेच. पण माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. ते मी अजून जपून ठेवले आहे, कारण पुढे त्यात फारशी भर पडली नाही.

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. त्या गाड्यांची तेव्हा चलती होती. पोरे यायची, दारात एंजिन उगाच गुरगुरत ठेवायची आणि विचारायची, “मिस्त्री, हा लावला की गाडी किती जास्त पळेल?”

मिस्त्री म्हणायचा, “पळेल तेवढीच. जमिनीला धरून पळेल.”

हे उत्तर कुणालाच आवडत नसे. तरी लिप सगळेच घेत. माझ्या हिशेबी दहा गिऱ्हाइकांत एखादाच खरा वेगात जाणारा असे. उरलेल्यांना गाडी उभी असताना वेगात दिसायला हवी असे. एकाने तर लिपबरोबर मागे एवढा मोठा पंख बसवून घेतला, की डिकी अर्धीच उघडू लागली. पुढे त्याच्या आईने त्या पंखावर टॉवेल वाळत घातले. पंखाला निदान वारा तरी लागला! दुसऱ्याने बॉनेटवर हवा आत घेणारे तोंड लावले, पण खाली पत्रा कापायचा धीर झाला नाही. ते तोंड नुसतेच आ वासून बसले. मी भिंतीवरून बघत होतो. माणसे आपल्या गाडीला जे जोडतात त्यावरून त्यांच्यात काय उणे आहे ते बरोबर कळते. पण मला कोण विचारतो?

मित्रांनो, साच्याचे खरे दुःख निराळे आहे. माझ्या पोटातून एकामागून एक लिप निघाले. रंगले, चमकले, गाडीला लागले आणि गेले. रस्ता कसा असतो, वारा समोरून कसा येतो, हे एकानेही परत येऊन सांगितले नाही. परत यायचे ते तुकडे होऊन. कुठल्या तरी गतिरोधकावर आपटलेले तुकडे मालक पिशवीतून आणायचा आणि म्हणायचा, “असाच दुसरा द्या.” असाच दुसरा! मग मी पुन्हा टेबलावर.

त्या टेबलावर मला एकच सोबत होती. मिस्त्रीची बायको. गिऱ्हाइके तिला वहिनी म्हणत. दुकानाच्या पाटीवर तिचे नाव नव्हते, पण कुठल्याही साच्याला तिच्या हाताशिवाय काम माहीत नव्हते. लिप घडवण्याआधी साच्याला मेण द्यावे लागते. नाही दिले तर लिप साच्यालाच धरून बसतो आणि मग दोघांपैकी एकाला फोडावे लागते. ती जुन्या बनियनच्या तुकड्याने मेण लावायची, वाळू द्यायची, चमकेपर्यंत पुसायची आणि पुन्हा लावायची. असे पाच हात. माझ्या कोपऱ्याकोपऱ्यात बोट घालून म्हणायची, “अंग चोरू नकोस रे. तुझ्यापेक्षा माझ्या नातवाला आंघोळ घालणं सोपं.” नवऱ्याच्या तक्रारी, पाण्याची बोंब, अंगाला सुटणारी फायबरची खाज, सगळे ती मलाच सांगायची. मी ऐकून घ्यायचो. खोलगट असण्याचा तेवढा एक फायदा.

पण दिवस पालटले. त्या गाड्या भंगारात निघाल्या. नव्या गाड्या कारखान्यातूनच नाक, पंख, सगळा साज घालून येऊ लागल्या. माझ्या शेजारचा बॉनेटचा साचा गळक्या छपराखाली पाणी धरायला ठेवला गेला. पंखाच्या साच्यात मांजर व्याली. मला उंच खिळ्याला टांगले. आणि एक दिवस वहिनी लेकीकडे गेली. लेकीची नोकरी, नातू लहान. “महिन्याभरात येते,” म्हणाली. जाताना तिने मिस्त्रीला म्हटले होते, “मेण कसं लावायचं ते तरी बघून ठेवा.”

“मेण लावायला काय बघायचंय?” मिस्त्री म्हणाला होता.

महिना गेला आणि महिन्यामागून बरेच काही गेले. वहिनी अधूनमधून फोन करायची. मिस्त्री ‘हं’, ‘बरं’, ‘जेवलो’ एवढेच बोलायचा. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ फोनकडे बघत बसायचा. मी वरून आणि तो खालून, असे आम्ही दोघे त्या दुकानात गप्प होतो. धूळ तेवढी नेमाने येत होती.

अशातच एक दिवस दारात ती शीळ ऐकू आली. टर्बोची शीळ. एंजिनात हवा कोंबणारा पंखा फिरला की तशी शीळ निघते. गाडीतून उतरल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. केस पिकलेले, गाडीचा रंग उडालेला, पण दोघींचा ताठा कायम. लिप मधोमध फुटला होता.

“मिस्त्री, लिप फुटल्यापासून मोठ्या रस्त्याला स्टिअरिंग हातात राहत नाही. हलकं होतं. मुलगा म्हणतो, विकून टाक. मी त्याला म्हटलं, तुझे दुधाचे दात सगळे याच गाडीत पडलेत, गप्प बस.”

मिस्त्री हसला. किती दिवसांनी! त्याने मला खाली घेतले, फडक्याने झटकले आणि मेणाचा डबा शोधून काढला. माझ्या अंगात आनंद मावेना. पण मग त्याचा हात फिरू लागला. एक हात. तो ओला असतानाच दुसरा. की झाले! कोपरे तसेच. आयुष्यभर त्याने साचे बनवले होते, मेण कधी लावलेच नव्हते. मी ओरडून सांगितले असते, पण साच्याला तोंड नसते. लगेच जेलकोट आला, चटई आली, रेझिन आले.

दुसऱ्या दिवशी लिप निघेना. मिस्त्रीने ओढला, ठोकला, कडेला स्क्रूड्रायव्हर घातला. माझ्या कडेचा टवका उडाला. तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. मिस्त्री घामाघूम होऊन हातोडा उचलत होता.

“बाई, लिप तुम्हाला मिळेल. साचा फोडतो.”

“फोडता? मग परत लागला तर?”

“कुणाला लागणार? शहरात अशी गाडी तुमच्याशिवाय उरलीय कुणाची? टांगून टांगून तरी किती ठेवू याला?”

मित्रांनो, मी घाबरलो, पण त्याहून जास्त मला लागले. फोडण्याचे नव्हे. तो म्हणाला ते खरे होते, त्याचे.

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातातला हातोडा खाली करवला. “अहो, दात ओढून निघत नाही, आधी हलवून सैल करावा लागतो. ही कामं आधी कोण करायचं?”

“बायको.”

“मग लावा फोन.”

“ती ओरडेल.”

“ओरडू दे की. इथं शांतता जरा जास्तच झालीय.”

फोन लागला. मिस्त्रीने अडखळत सगळे सांगितले. पलीकडून पहिला प्रश्न आला, “मेण किती हात दिलं?”

मिस्त्रीने मेणाच्या डब्याचे झाकण लावले.

“अहो, तुम्हाला विचारतेय.”

“दोन.”

“वाळू दिलं मध्ये?”

मिस्त्रीने डॉक्टरीणबाईंकडे पाहिले. पलीकडे मोठा उसासा ऐकू आला. “कशाला हात लावू नका. हातोडा तर मुळीच नको. नातवाला शेजारी ठेवून येते.”

दुपारच्या बसने वहिनी आली. दारात चप्पल काढली, नवऱ्याकडे पाहिलेही नाही, सरळ माझ्याजवळ आली. टवका उडालेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला आणि म्हणाली, “काय रे ही दशा केली तुझी!” मिस्त्रीला वाटले ते त्याला आहे. त्याने मान खाली घातली.

डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातून जीभ दाबायच्या लाकडी पट्ट्या आणल्या. वहिनीने त्या माझ्या आणि लिपच्या मधल्या फटीत एकेक सरकवल्या आणि वरून साबणाचे कोमट पाणी सोडले. मिस्त्रीला म्हणाली, “तुम्ही फक्त मागून थापट्या मारा. हलक्या. नातू झोपतोय असं समजून.” मिस्त्री थापट्या मारत राहिला. मग आतून एक लांब, करकरीत आवाज आला आणि लिप सुटला.

पण पूर्ण सुटला नाही. माझा आतला रंग नारिंगी. काळा जेलकोट लावताना ब्रश कुठे चुकला ते दिसावे म्हणून मिस्त्रीने माझ्या जन्माच्या वेळी तो निवडला होता. त्या नारिंगी कातडीचा तळहाताएवढा तुकडा लिपबरोबर निघून गेला. माझ्या पोटात खड्डा पडला आणि लिपच्या खालच्या अंगाला नारिंगी डाग उमटला.

“घासून काढतो बाई, दोन मिनिटांचं काम,” मिस्त्री म्हणाला.

डॉक्टरीणबाई वाकून बघत म्हणाल्या, “खालच्या बाजूला तर आहे. रस्त्याशिवाय कोण बघणार? राहू द्या.”

लिप बसला. गाडी शीळ घालत निघून गेली. मित्रांनो, इतकी वर्षे मी ज्याची वाट पाहत होतो, ते अशा रीतीने झाले. माझा एवढासा भाग रस्त्यावर गेला. वारा समोरून कसा येतो ते त्याला कळले असेल. मला मात्र अजून माहीत नाही.

“याचं काय करू?” मिस्त्रीने माझ्याकडे बोट दाखवत विचारले.

“खड्डा भरा. घासा. मग मेण. पाच हात, आणि प्रत्येक हात वाळू द्या.”

“तू भरून जा ना.”

“माझी बस आहे. तुम्हीच भरा, मी फोनवर सांगेन.” चप्पल घालताना ती थांबली. “आणि फोनवर ‘हं’ म्हणून गप्प बसायचं नाही. नीट बोलायचं.”

ती गेली. दुकान पुन्हा होते तसे झाले. मांजरही पिले घेऊन दुसरीकडे गेली. नवे गिऱ्हाईक आलेले नाही, आणि मला वाटते, येणारही नाही. माझा खड्डा भरला आहे, जरा ओबडधोबड. पण आता संध्याकाळी वहिनीचा फोन येतो, तेव्हा ती सगळ्यात आधी विचारते, “मेण दिलं का आज?” मिस्त्री म्हणतो, “दिलं की.” दिलेले नसते. मग आज काय झाले, कोण आले, कोण आले नाही, असे तो बरेच काही सांगतो. फोन ठेवल्यावर डोके खाजवत उठतो, मला खिळ्यावरून काढतो आणि मेणाचा डबा उघडतो. त्याचा हात अजून वहिनीसारखा फिरत नाही. कोपरे सुटतात. तरी तो वाळण्याची वाट बघत माझ्यासमोर बसून राहतो आणि मग दुसरा हात देतो.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणीतरी असेच खिळ्याला टांगलेले असेल. वस्तू असेल, नाहीतर माणूस. त्याच्याकडे काही काम निघेपर्यंत थांबू नका. काम नसतानाही एकदा खाली घ्या, पुसा, जवळ बसा. आणि कोपऱ्यात बोट घालायला विसरू नका. आम्ही अंग चोरणार नाही.