पाठीचं माप

टिक्, टिक्. दोन सुया एकमेकींना लागल्याचा तो बारीक आवाज अजून माझ्या धाग्यात आहे. तेव्हा मी स्वेटर नव्हतो, शेवाळी लोकरीची लड होतो. नवं लग्न झालेल्या यमुताईंनी मला सक्करदऱ्याच्या बाजारातून आणलं आणि विश्वनाथरावांसाठी विणायला घेतलं.

त्यांच्याकडे टेप नव्हता. वीतभर विणून झालं की नवऱ्याला पाठमोरं उभं करायचं आणि मला त्याच्या पाठीला लावून बघायचं. असा मी त्या पाठीवरच वाढलो.

काही हिवाळ्यांनी कोपरं झिजायची. मग थंडी सरता सरता यमुताई मला उसवायच्या, धुऊन वाळवायच्या आणि पुन्हा सुईवर घ्यायच्या. शेजारीण हसायची, "काहून वं, ऊन तापून राहिलं अन् तू स्वेटर विणून राहिली?"

ते दिवस फार बरे होते. सकाळी दोघं तलावापर्यंत फिरून येत. येताना विश्वनाथरावांच्या खिशात कडुलिंबाचा फुलोरा असे. दुपारी भाकर आणि आंब्याची नवी चटणी खाऊन झाली, की ते पुस्तक उघडत. शाळा चौथीतच सुटलेली, त्यामुळे ओळीखाली बोट ठेवून, अडखळत वाचत. यमुताई सुईवरची नजर न काढता म्हणत, "तुमचं पान होईपर्यंत माही बाही होते जी."

मग यमुताईंचं विसरणं सुरू झालं. आधी भाजीतलं मीठ, मग घराकडची वाट, मग लेकाचा चेहरा. फिरणं थांबलं. यंदा मात्र त्यांनी स्वतःहून मला उसवलं आणि टाके घातले. हात काहीच विसरले नव्हते. विश्वनाथरावांना धीर आला. हे हातात राहिलं असेल, तर आपणही कुठेतरी राहिलो असू, असं त्यांना वाटलं असावं. ते रोज समोर पुस्तक घेऊन बसू लागले.

आज दुपारी पाठ विणून झाली. यमुताईंनी मान वर केली.

"भाऊ, जरा पाठ करून उभे राहा जी. आमच्या ह्यायच्याच मापाचे दिसता तुमी."

विश्वनाथराव उठून पाठमोरे उभे राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "नाव काय तुमच्या ह्यायचं?"

यमुताई पदर सावरून लाजल्या. "नाव घेत असतात का जी कोनी?"

सगळा जन्म त्यांनी ते नाव ओठांवर येऊ दिलं नव्हतं. आता ते आत आहे की गेलं, कसं कळायचं?

त्यांनी मला त्या पाठीला लावलं. मी ओळखलं. पाठ तीच होती, फक्त वाळली होती. दोन्ही बाजूंनी मी लोंबत राहिलो. मला तोंड असतं तर सांगितलं असतं.

"नाही जी," यमुताई म्हणाल्या. "आमचे हे अंगानं भरलेले आहेत. तुमच्यावर माप घेतलं तर चुकन."

त्या खाली बसल्या. मला मांडीवर घेऊन त्यांनी सुई ओढून काढली आणि माप चुकलंच असं समजून उसवायला लागल्या. एकेक ओळ सुटत गेली. येत्या थंडीत तरी कुणी मला त्या वाळलेल्या अंगात घालावं, एवढंच माझं मागणं आहे.

विश्वनाथराव थोडा वेळ तसेच पाठमोरे उभे होते. मग आत निघून गेले.