नाव घातलेली कळशी

शिरूरच्या चर्चमधल्या बायकांनी दौंड स्टेशनाबाहेर उघड्यावर राहणाऱ्या लोकांसाठी बिनवापराच्या वस्तू गोळा केल्या, तेव्हा कुणाच्या घरात काय अडगळ आहे ते सगळ्यांना कळलं. ज्यांना दारच नाही त्यांच्यासाठी तीन पायपुसणी आली, दाराचे पडदे आले, आणि एकीनं तर किल्ली हरवलेलं कुलूप दिलं. त्या ढिगात दयाबाई रणभिसे यांची स्टीलची कोरी कळशी अशी चमकली, की बायका म्हणाल्या, "द्यावं तर असं!"

दयाबाईंनी ते कौतुक मान खाली घालून घेतलं. आपण दिलं ते दान नव्हे, राग आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मुलीच्या, शॅरनच्या लग्नासाठी त्यांनी शाळेच्या पगारातून वर्षाला एकदोन करत सतरा भांडी जमवली होती. प्रत्येकावर नाव घातलेलं: 'चि. शॅरन हिस, आई दयाबाई रणभिसे, शिरूर.' शॅरननं वरवंडच्या संपतशी परस्पर लग्न केलं आणि दोघं सोलापूर बाजूला निघून गेली. त्याच आठवड्यात चर्चमध्ये ही टूम निघाली. दयाबाईंनी फळीवरचं हाताला लागलं ते पहिलं भांडं उचललं, बायकांबरोबर दौंडला जाऊन स्वतःच्या हातानं देऊनही आल्या.

राग वर्षभरही पुरला नाही. शॅरनचा जुना नंबर लागेना, नवा कुणाकडं नव्हता. दयाबाई रोज फळी पुसायच्या. पोरगी दारात आली तर पहिली नजर तिथंच जाणार. सोळा भांडी पसरून पाहिली, दाटीनं मांडून पाहिली. जन्मभर पोरांना गणित शिकवलेल्या बाई, पण ते रिकामं एक काही केल्या लपेना.

दोन वर्षांनी, ऑगस्टात, दौंडचा भांडेवाला सुदर्शन याचा फोन आला. त्यानं शिरूरच्या भांडेवाल्यांच्या ग्रुपवर फोटो टाकून नंबर मिळवला होता.

"बाई, तुमच्या नावाची कळशी घेऊन एक फिरस्ती बाई आलीय. स्वतःला सरूबाई म्हणवते. नाव खोडून मागतेय. चोरीचा माल दिसतोय, म्हणून ठेवून घेतलीय."

"चोरी नाही हो. मीच दिलीय. थांबा, येते."

दयाबाईंनी वाटेत नवी, बिननावाची कळशी विकत घेतली आणि जीपमध्ये बसल्या. न्हावरं येईपर्यंत मनात सगळं मांडून झालं. नवी त्या बाईला द्यायची, जुनी फळीवर ठेवायची, सतरा पुरी. शॅरनला कधी पत्ता लागणार नाही. किती तरी दिवसांनी त्या जीपमधल्या अनोळखी बाईशी हसून बोलल्या.

सरूबाई दुकानाच्या पायरीवर बसली होती. लुगड्यावर कुठल्याशा पुरुषाचा शर्ट. दयाबाईंना पाहताच उठली.

"ह्याच त्या बाई! इचार आता. मला चोर म्हनतोय. तुज्या दुकानात चोरन्यासारखं हाय तरी काय रं, समदी पोचे पडल्याली!"

"मग नाव कशाला खोडतीस?" सुदर्शन म्हणाला. "आपल्या वस्तूवरचं नाव कुणी खोडतं का?"

"त्या नावापायी एक पोर रडली म्हनून."

दयाबाईंचा हात पिशवीतल्या नव्या कळशीवर थांबला. "कोण पोर?"

"मागल्या नाताळात सोलापूरच्या गाडीतनं उतरली. पोट पुढं आल्यालं, सातवा-आठवा आसंल. शिरूरची यष्टी कुठं लागती म्हनून इचारलं. पानी मागितलं, म्या ह्याच कळशीतलं दिलं. प्याली, आन् मग नाव वाचलं. म्हनली, 'आजी, ही कुणी दिली?' म्या म्हनलं, शिरूरच्या एका बाईनं. घरात नको आसल्यालं वाटत हुत्या."

"मग?"

"मग काय. त्या नावावरनं बोट फिरवत बसली. यष्टी लागली तशी म्या हाक मारली, आगं ए, तुजी गाडी! म्हनली, 'नको आजी, मला परत जायचंय.' गेली माघारी. तवापास्नं ह्यातलं पानी गोड लागंना मला."

दयाबाई पायरीवर बसल्या. त्या नाताळात त्यांनी करंज्या दोघींच्या मापानं केल्या होत्या आणि जानेवारीपर्यंत एकट्यानं संपवल्या होत्या. मूल आता बसायला लागलं असेल.

सुदर्शननं घसा खाकरला. "बाई, तुमची जुनी घेऊन जा. नवी हिला देऊ."

त्याच्यासाठीच तर त्या आल्या होत्या.

"हे नाव खोडता येतं?"

"खोदलेलं खोडता येत नाही. खाली भर घालता येते."

"मग घाला." दयाबाईंनी पोरांच्या निबंधातले फालतू शब्द आयुष्यभर काटले होते, त्यांना वेळ लागला नाही. "'शॅरन, चुकलं. घरी ये.' बस. आई वर आहेच."

यंत्र घरघरलं. मग दोन्ही कळशा त्यांनी सरूबाईपुढं ठेवल्या.

"नवी तुम्हाला पाण्याला. ही पण तुमच्यापाशीच असू द्या. सोलापूरची गाडी आली की नावाची बाजू लोकांकडं करून ठेवाल?"

"ठेवीन की. पर बाई, आमाला एका जागी कोन बसू देतंय? आज हितं, उद्या पुलाखाली. पोरगी कवा येनार हाय?"

स्टेशनाकडून भोंगा ऐकू आला.

"चला," सरूबाई म्हणाली, "आजची तर बघू."

दोघी स्टेशनाच्या दाराशी जमिनीवर बसल्या, नावाची कळशी मधे. माणसं बाहेर पडली. दयाबाई एकेक तोंड बघत होत्या. कळशीपाशी एकच बाई थांबली, कडेवर मूल घेतलेली, अनोळखी. पाणी मागत होती.

कळशी रिकामी होती.